गुन्हा गाजरगवताचा, शिक्षा गोल्डन रॉडला

दर ऑगस्टच्या १६ ते २२ तारखांना देशभर गाजरगवत जनजागृती सप्ताह पाळला जातो. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाचा हा उपक्रम तेल्हारा तालुक्यातल्या आमच्या हिवरखेडापर्यंत पोचला, शाळेतल्या पोरांनी हातमोजे घालून नाल्याकाठचे गाजरगवत उपटले, याचा मला मनापासून आनंद आहे. आक्षेप आहे तो यंदा गावात वाटलेल्या पत्रकातल्या एका चौकटीवर. गाजरगवताच्या फोटोला लागूनच त्यात गोल्डन रॉडचा फोटो छापला आहे आणि खाली चार ओळींत निकाल लावून टाकला आहे: हे विदेशी तण आहे, याच्या पिवळ्या परागांनी सर्दी-दमा होतो, हे गाजरगवतासारखेच पसरते, दिसेल तिथे उपटा. पत्रक काढणारे कळकळीचे लोक आहेत, म्हणून त्यांचे नाव घेत नाही. पण त्या चार ओळींमुळे गल्लीतल्या घरांच्या आवारातली तुऱ्यावर आलेली झाडे उपटून उकिरड्यावर गेली. शेजारच्या काकूंनी मला विचारले, "भाऊ, घरी लहान पोरगं हाय, अन् तुम्ही हे कायले ठेवता?" त्यांना पोराची काळजी होती आणि काळजीने विचारलेल्या प्रश्नाला पुराव्यानिशी उत्तर दिले पाहिजे.

आधी झाड कोणते ते सांगतो. लग्नात किंवा सत्कारात जो बुके हातात येतो, त्यात गुलाब-जरबेराच्या मागे बारीक पिवळ्या फुलांचा पिसारा खोचलेला असतो, तो गोल्डन रॉड. शास्त्रीय नाव सॉलिडॅगो, मूळ उत्तर अमेरिकेतले, कूळ सूर्यफुलाचे. म्हणजे शेवंती, झेंडू, अॅस्टर, गलांडा हे त्याचे नातेवाईक, आणि गाजरगवतही त्याच कुळातले. पत्रकवाल्यांची गफलत बहुधा इथेच सुरू झाली असावी. कूळ एक म्हणून गुन्हा एक, असे धरले तर दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही आरोपी ठरेल.

आता सर्दी-दम्याचा आरोप. हा आरोप आपल्याकडे जन्मलेला नाही. तो अमेरिकेतून जसाच्या तसा आला आहे आणि तिथेही तो शंभर वर्षांहून जुना गैरसमज आहे. उत्तर अमेरिकेत ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात माणसे शिंकून बेजार होतात. त्याच दिवसांत रस्त्याकडेला गोल्डन रॉड पिवळाधमक फुललेला असतो. डोळ्यांत भरते ते फूल, म्हणून दोष त्याच्या माथी गेला. प्रत्यक्षात त्याच जागी, त्याच दिवसांत रॅगवीड नावाचे एक तण फुलत असते. त्याची फुले हिरवट, बारीक, लक्षातही न येणारी. त्याचे एक झाड एका हंगामात अब्जभर परागकण सोडू शकते आणि ते कण वाऱ्यावर कोसच्या कोस जातात. लोकांना शिंकायला लावणारे ते.

फरक कशात आहे, हे आपल्या वावरातच पाहता येते. मक्याचा तुरा हलवा, पिवळा धुरळा उडताना उघड्या डोळ्यांनी दिसतो. मक्याचे परागण वारा करतो; म्हणून त्याचे पराग कोरडे, सुटे आणि अमाप असतात. आता गोल्डन रॉडचा तुरा बोटांत धरून हळूच चोळा. बोटाच्या टोकाला पिवळा डाग लागतो, जरासा चिकट. त्यावर फुंकर मारा, डाग जागचा हलत नाही. हे पराग जड आणि चिकट असतात, एकमेकांना धरून राहतात. त्यांना एका फुलावरून दुसऱ्या फुलावर न्यायला मधमाशी, माशी, भुंगा असे कोणीतरी लागते. या झाडाचा पिवळा रंग आणि मध हे सगळे त्या कीटकांना बोलावण्यासाठी आहे. ज्या झाडाचे काम वारा फुकटात करतो, त्याला असा रंग लावून बसण्याची गरजच नसते. म्हणून आवारातल्या गोल्डन रॉडच्या तुऱ्यावरून पराग उडून शेजारच्या खिडकीतून पोराच्या नाकात जातील, ही भीती झाडाच्या घडणीशीच जुळत नाही.

गाजरगवताची गोष्ट मात्र वेगळी आहे. आपल्या देशात त्याची ठळक नोंद झाली ती पुण्यात, १९५५ च्या सुमारास. १९५६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते आले असे सर्वत्र सांगितले जाते आणि 'काँग्रेस गवत' हे नाव वऱ्हाडात अजूनही म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. उगवल्यापासून साधारण महिनाभरात ते फुलावर येते, एका झाडाला दहा-पंचवीस हजार बिया धरतात, आणि त्याच्या अंगावरच्या लवीत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. हात लागला की खाज, मग लाल चट्टे, मग कातडी जाड होऊन काळी पडते. वाळलेल्या गवताची भुकटी हवेतून चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेवर बसते आणि तिथलीही कातडी सुजते. त्याचे पराग नाकालाही त्रास देतात. कपाशीवर पिठ्या ढेकूण आला तेव्हा त्याला बारमाही आसरा देणाऱ्या झाडांत हेच पुढे होते. एवढे सगळे एका झाडाच्या नावावर सिद्ध असताना त्याच्या फोटोशेजारी गोल्डन रॉड बसवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे.

आरोप कसा तपासावा, याचा एक चांगला धडा गाजरगवताच्याच इतिहासात आहे. ते खाऊन फस्त करणारे मेक्सिकन भुंगे १९८३ मध्ये आपल्याकडे आणले गेले आणि पुढच्या वर्षी बंगळूर भागात सोडले गेले. काही वर्षांनी हे भुंगे सूर्यफुलाची पाने खाताना दिसले. ओरड झाली, भुंगे सोडणे थांबले, चौकशी बसली. ओरड करणारे शेतकरी खोटे बोलत नव्हते. पाने खरोखर कुरतडलेली होती. पण अभ्यास केल्यावर दिसले की गाजरगवताचे पराग उडून सूर्यफुलाच्या पानांवर पडलेले असतात आणि त्यांच्या ओढीने भुंगे ती पाने चाखतात. पिढी वाढवायला त्यांना गाजरगवतच लागते. मग भुंग्यांवरचा ठपका निघाला आणि आज तेच भुंगे जैविक नियंत्रण म्हणून शेतकऱ्यांना दिले जातात. जे डोळ्यांना दिसले त्यावर थांबले असते तर एक कामाचा किडा कायमचा बदनाम झाला असता. गोल्डन रॉडच्या बाबतीत आमच्या पत्रकाने जे दिसले त्यावरच थांबणे पसंत केले, याचे मला वाईट वाटते.

आता कोणी म्हणेल, सप्टेंबर-ऑक्टोबरात गावातले दमेकरी बेजार होतात, हे तर खरे आहे ना? अगदी खरे आहे. आणि जून-जुलैत लावलेला गोल्डन रॉड नेमका त्याच दिवसांत फुलतो, हेही खरे. पण त्या दिवसांत आमच्या भागात आणखी काय चाललेले असते ते आठवा. सोयाबीनची सोंगणी होते, सुड्या लागतात, आणि मग रात्रंदिवस मळणीयंत्रे चालतात. यंत्राच्या तोंडातून कुटार उडते, त्याच्याबरोबर धुळीचा लोट गावावर येतो. यंत्रात पेंड्या टाकणाऱ्या माणसाच्या तोंडाला रुमालही नसतो. या धुळीत काय ताकद असते, ते स्पेनमधल्या बार्सिलोना शहराने भोगले आहे. १९८१ ते १९८७ या काळात त्या शहरात २६ वेळा असे झाले की एकाच दिवशी दम्याचे रुग्ण झुंडीने दवाखान्यांत आले. डॉक्टर चक्रावले. शेवटी तारखा जुळवल्या तेव्हा कळले की ज्या दिवशी बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवले जाई, त्याच दिवशी हे घडे. एका साठवण कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती, आणि सोयाबीनच्या टरफलाची धूळ वाऱ्यासरशी वस्तीवर येत होती. गाळणी बसवली, साथी थांबल्या.

हे वाचल्यापासून मळणीच्या दिवसांत मी घरातल्या मोठ्यांना खिडक्या लावून घ्यायला सांगतो. माझे म्हणणे एवढेच की गावातल्या दम्याचे कारण शोधायचे असेल तर सोयाबीनची धूळ, धुऱ्यावरचे गाजरगवत, गवतांचे पराग, जिनिंगची रुई, ओल्या भिंतीवरची बुरशी यांच्याकडे आधी पाहावे. यांतले एकही नाव त्या पत्रकात दम्याच्या संदर्भात नाही.

एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही, कारण ती लपवली तर माझ्यात आणि पत्रकात फरक उरणार नाही. ज्यांना गाजरगवताचा त्वचारोग एकदा जडला आहे, त्यांच्या कातडीला त्या कुळातली इतर झाडेही बाधू शकतात. शेवंतीही बाधते, गोल्डन रॉडही बाधू शकतो. रोज शेकडो तुरे हाताळणाऱ्या फूलविक्रेत्यांच्या हातांना पुरळ आल्याचेही दाखले आहेत. अशा माणसाने तुरे छाटताना हातमोजे घालावेत, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, आणि तरीही त्रास झाला तर झाड दुसऱ्या कोणाला देऊन टाकावे. ही एकेका माणसाच्या कातडीची गोष्ट आहे. त्यावरून सगळ्या गावाला झाड उपटायला सांगणे योग्य नाही.

'विदेशी' या शब्दावर मला फार वेळ घालवायचा नाही. हिवरखेडच्या चारही बाजूंच्या वावरांत आज जी कपाशी उभी आहे ती अमेरिकी जातीची आहे. मिरची, भुईमूग, मका, पपई, सीताफळ, झेंडू, निशिगंध हे सगळे अमेरिका खंडांतून आले. पत्रकात असेही म्हटले आहे की खुद्द अमेरिकेत गोल्डन रॉडला कोणी विचारत नाही. हे चूक आहे. नेब्रास्का राज्याने १८९५ मध्ये आणि केंटकीने १९२६ मध्ये त्याला आपले राज्यफूल केले. एडिसनने आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत याच झाडापासून रबर काढण्याचे प्रयोग केले आणि त्यासाठी पुरुषभराहून बरीच उंच झाडे वाढवली.

पसरण्याचा मुद्दा मात्र गंभीर आहे, आणि पत्रकातल्या चार ओळींत तोच एक असा आहे ज्यापुढे मी थांबतो. गोल्डन रॉड पसरतो, हे खोटे नाही. १६४५ च्या सुमारास तो इंग्लंडात बागेसाठी नेला गेला आणि आज युरोपभर पडीक शेतांत, रेल्वेच्या कडेने त्याचे ताटवे आहेत. चीनमध्ये १९३५ मध्ये शांघायच्या बाजूला तो शोभेसाठी आणला. यांगत्सेच्या खोऱ्यात आज तो सरकारी यंत्रणेची डोकेदुखी आहे. जपाननेही हेच भोगले. आणि बागेतून पळालेले झाड काय करू शकते, हे पाहायला आम्हाला चीनपर्यंत जाण्याची गरज नाही. हिवरखेडच्या उत्तरेला सातपुडा आहे, वानचे अभयारण्य आहे, मेळघाट आहे. तिथे रायमुनियाची जाळी पाहा. १८०९ मध्ये ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आली. आज देशातल्या वाघांच्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्र तिच्या विळख्यात आहे. तिच्याखाली गवत वाढत नाही, आणि गवत नाही तर चितळ-सांबराने खायचे काय? म्हणून 'फूल सुंदर आहे, लावा' एवढे म्हणून मी हात झटकणार नाही.

पण झाड कुठे माजते याचा विचार करायला हवा. इंग्लंड, यांगत्सेचे खोरे, जपान, तिन्ही ठिकाणी उन्हाळ्यात पाऊस असतो किंवा जमिनीत ओल असते, आणि नांगर न लागलेली पडीक जागा असते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, काळ्या जमिनीला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि ऑक्टोबरपासून जूनपर्यंत आभाळातून पडेल त्यावर भरवसा ठेवता येत नाही. अशा जमिनीत पाणी तोडलेल्या गोल्डन रॉडची जमिनीखालची खोडे एका उन्हाळ्यात वाळून काडी होतात. गाजरगवत मात्र त्याच जमिनीत, पहिल्या सरीबरोबर, कोणी न लावता उगवते, कारण त्याचे बी वाट पाहत पडलेले असते. शिवाय या झाडाची एक खोड आमच्या पथ्यावर पडते: त्याच झाडाच्या परागांनी त्याला बी जवळपास धरत नाही, त्यासाठी वेगळ्या वाणाचे झाड जवळ लागते. एकाच गड्ड्याच्या फुटव्यांपासून वाढवलेला सगळा ताटवा म्हणजे खरे तर एकच झाड.

याचा अर्थ कुठेही लावा असा नाही. आमच्या तालुक्यात वान प्रकल्पाचे कालवे आहेत, केळीचे आणि पानपिंपरीचे मळे आहेत, जिथे जमीन वर्षभर ओली असते. तिथे माझा युक्तिवाद लागू पडत नाही. कालव्याच्या काठावर, केळीच्या धुऱ्यावर, नाल्याच्या थडीवर आणि जंगलाला लागून असलेल्या वावरात गोल्डन रॉड लावू नये, असेच मी म्हणेन, आणि कोणी लावला तर काढायला लावेन. घराच्या आवारात, कुंपणाच्या आत, चार हात वाफ्यात तो ठेवावा. वाफ्याच्या कडेने वीतभर खोल पत्रा किंवा फरशी पुरावी, कारण याची आडवी खोडे वरवरच पसरतात, खोल जात नाहीत. तुरे तपकिरी पडून म्हातारी उडण्याआधी छाटावेत. खणून काढलेले गड्डे नाल्यात फेकू नयेत; ते गच्चीवर पत्र्यावर टाकून उन्हात कडकडीत वाळवावेत आणि मगच खतात घालावेत. पत्रकाने हे सांगितले असते तर मी स्वतः ते घरोघर वाटले असते.

आणि शोभेच्या झाडांबद्दल सावध करायचेच होते, तर ज्यांनी महाराष्ट्रात खरोखर पाय पसरले आहेत त्यांची नावे का नाहीत? सिंगापूर डेझी नावाने विकली जाणारी पिवळ्या फुलांची वेल नर्सरीतून सर्रास जाते आणि ओलसर जागी चटईसारखी अंथरली जाते. नारिंगी-पिवळा कॉसमॉस पुण्याच्या टेकड्यांवर इतका माजला की स्वयंसेवकांना तो उपटायला जावे लागते. जलपर्णी तलावांत शोभेसाठीच आली होती. यांतली पहिली दोन तर आज कुंपणांवर, दुभाजकांवर लावली जात आहेत आणि या तिघांबद्दल पत्रकात एक अक्षर नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही माझे भांडण आहे, ते मांडले नाही तर बाजू अर्धवट राहील. काही नर्सरीवाले आणि हौशी मंडळी सांगतात की गोल्डन रॉड लावा आणि विसरून जा, त्याला काही लागत नाही, मधमाश्यांसाठी तो वरदान आहे. हे सगळे थंड प्रदेशातल्या बागांचे वर्णन आहे. तिथे हिवाळ्याआधी फुललेले ते शेवटचे मोठे फूल असते, म्हणून मधमाश्यांना त्याचे अप्रूप. आमच्याकडे ऑक्टोबरनंतर तूर फुलते, मग हरभरा, जवस, करडई, कांद्याचे गोंडे; माशीला आमच्या वावरात खायला मिळते, तिला मारते ती फवारणी. आणि 'लावा आणि विसरा' हे तर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत कोणत्याच फुलाबद्दल म्हणता येत नाही.

या जमिनीच्या दोन अडचणी आहेत. श्रावणात ती पाणी धरून ठेवते आणि वैशाखात फाटते. पाणी साचले की गोल्डन रॉडची मुळे कुजतात, खालची पाने पिवळी पडतात. म्हणून वीतभर उंच गादीवाफा करावा, मातीत चांगले कुजलेले शेणखत, थोडा मुरूम आणि जाड वाळू मिसळावी. फुटवे साधारण ३० सेंटीमीटर अंतरावर लावावेत. महिन्याभराने शेंडा खुडला की बाजूने जास्त फांद्या येतात आणि झाड बुटके, भरदार राहते. कपाशीला टाकतो तसा युरिया इथे टाकू नये. नत्र जास्त झाले की काड्या लांबतात आणि पहिल्या वादळी पावसात लोळतात. मग तुराटीचा आधार देत बसावे लागते. लावल्यापासून साधारण तीन महिन्यांत तुरे येतात. ते कापून झाले की बुडाशी चार बोटे ठेवून छाटावे, मातीची भर द्यावी, नवे फुटवे येतात. डिसेंबर-जानेवारीत दिवस लहान असल्याने झाड जमिनीलगत पानांचा गुच्छ करून बसते, काडी वर काढत नाही. फुलशेतीवाले रात्री दिवे लावून ती वाढवतात. घरच्या वाफ्यात त्याला विसावू द्यावे. पावसाळा सरताना दव पडू लागले की पानांवर भुरी येते. पाणी बुडाशी द्यावे, गर्दी विरळ करावी, गरज पडली तर गंधकाची भुकटी धुरळावी. कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला तर निंबोळी अर्क पुरतो. आणि एप्रिल-मेसाठी जागा आधीच निवडावी: सकाळचे ऊन मिळेल, पण दुपारनंतर भिंतीची किंवा शेवग्याची सावली पडेल अशी. वाफ्यावर सोयाबीनचे कुटार चार बोटे अंथरले की ओल टिकते. दोन वर्षांनी गड्डे खणून विभागावेत, नाहीतर मधला भाग मरतो आणि कडाच फुलत राहतात.

एवढी मेहनत घ्यावी लागते, हाच माझा शेवटचा पुरावा. जे झाड हिवरखेडात जगवायला जागा निवडावी लागते, आच्छादन करावे लागते, उन्हाळा सांभाळावा लागतो, ते झाड गावावर चाल करून येईल हे मला पटत नाही.

राहिला पाण्याचा आक्षेप. वानच्या पाण्यावरून तेल्हारा तालुक्याने आंदोलने केली आहेत, विहिरी-बोअर वर्षागणिक खोल जात आहेत, अशा गावात फुलाला पाणी घालणे हा माज आहे, असे एका भल्या माणसाने मला सुनावले. पाण्याची त्यांची चिंता माझीही आहे. पण चार हात वाफ्याला जे पाणी लागते ते भाज्या आणि तांदूळ धुतलेले, रोज मोरीत सांडणारे पाणी आहे. साबणाचे पाणी घालू नये, बाकी ते पुरते. घरापुढची चार फुले काढून धरणाचे पाणी वाचत नाही. ते वाचते कालव्याची गळती बुजवल्याने आणि केळीला मोकाट पाणी देण्याऐवजी ठिबक केल्याने. ज्या घरातली बाई दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते, तिने संध्याकाळी आपल्या दारातल्या फुलाला तांब्याभर पाणी घातले, तर त्यात माज कसला?

माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवा असे मी सांगत नाही. घरात कोणाला दर ऑक्टोबरात धाप लागत असेल तर त्याला चांगल्या डॉक्टरकडे न्या, अॅलर्जीची तपासणी करून घ्या, आणि कोणत्या दिवशी, कुठून आल्यावर, कोणते काम केल्यावर त्रास वाढला ते वहीत लिहून ठेवा. मळणीच्या दिवसाची नोंद त्यात जरूर करा, धुरा साफ केल्याच्या दिवसाचीही. त्या नोंदीत गोल्डन रॉड दोषी निघाला तर माझा वाफा मी स्वतःच्या हाताने उपटून देईन. तोवर ज्याच्या हातात खुरपे आहे त्याने ते धुऱ्यावरच्या गाजरगवताकडे वळवावे, पांढरे फूल येण्याआधी, हातमोजे घालून, जमीन ओली असताना, मुळासकट.